एक्केचाळिसावं पान

एल्डरफिल्डच्या शाळेत सकाळी पावणेनऊच्या सुमारास अकरावीच्या वर्गावरून कुणी नवखा माणूस गेला, तर आत भुतांची हजेरी चालली आहे असंच त्याला वाटावं.

"ज्यूडिथ पर्ली, विधवा!"

"इथेच आहे."

"एमॉस गुडेल, बायको आणि चार मुलं!"

"गेले. अठराशे सहा साली. न्यूयॉर्क राज्यात."

"जोएल हॅझन!"

"अजून माहीत नाही, मिसेस पेल्की."

"सप्टेंबरपासून माहीत नाही? तो बिचारा पाच महिने रस्त्यात उभा आहे. बाहेर थंडी किती आहे बघितलंस का?"

वर्ग हसे, आणि हजेरी पुढे चाले. रोवेना पेल्की बाईंची ही पद्धत एकतीस वर्षं अशीच होती. सप्टेंबरात वर्ग सुरू झाला की बाई टेबलावर पत्र्याची एक बादली आणून ठेवत, मेपलच्या झाडाला अडकवून रस गोळा करायची, आमच्याकडे घरोघरी असते तसली. तिच्यात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या असत. ज्याला जी चिठ्ठी येईल ते त्याचं वर्षभराचं नाव.

ही नावं बाईंनी मनची काढलेली नव्हती. दोनशे वर्षांपूर्वी आमच्या व्हरमाँटात एक रीत होती. गावात नवीन बिऱ्हाड येऊन राहिलं, की वर्षाच्या आत गावचा शिपाई त्याच्या दारात जायचा आणि कागद वाचून दाखवायचा, की अमक्या, तू, तुझी बायको, तुझी पोरं, सगळ्यांनी हे गाव सोडून चालते व्हा. हाकलायला प्रत्यक्षात कुणी येत नसे. उद्या तुमच्या घरात खायला उरलं नाही तर गाव तुम्हाला पोसायला बांधील नाही, एवढं कागदावर आणून ठेवायचं. शिपाई गरिबाच्या दारात जाई आणि चांगल्या खात्यापित्या घरीही जाई. ते सगळे कागद एका वहीत उतरवलेले आहेत आणि ती वही आमच्या गावच्या कचेरीत, लोखंडी कपाटात आहे. मुलांनी त्यांना नाव ठेवलं होतं निघा-कागद.

तर आपल्या चिठ्ठीतला माणूस निघाला की राहिला, हे मुलानं वर्षभरात शोधून काढायचं. जमिनीची खरेदीखतं बघायची, चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी बघायच्या, गुडघाभर गवतात शिरून थडग्यांवरची शेवाळ खरवडायची. कागद मिळाला तरच हजेरीला "इथेच आहे" म्हणायचं. 'असेल', 'बहुतेक', 'मला वाटतं' हे शब्द बाईंच्या वर्गात शिवीसारखे होते. आणि पहिल्या दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरात एक वाक्य असे: कुठलीही वही हातात आली की आधी पानं मोजा. दुसऱ्या दिवशी ते पुसलं जाई आणि मुलं ते विसरून जात.

बाईंचा जन्म आमच्या गावचा नव्हे. त्या लोअर फॉल्सच्या, म्हणजे नदीच्या खालच्या अंगाला नऊ मैलांवर. आजोबा क्युबेकहून आलेले, वडील लोकरीच्या गिरणीत रंगखात्यात. त्यांचे हात आठवडाभर निळे असायचे आणि रविवारी चर्चला जाताना ते खिशात असायचे. शाळेत बाईंना शिकवलं होतं की आपले पूर्वज जहाजातून आले, त्यांनी जंगल तोडलं, राजाशी लढले. घरी येऊन लहान रोवेनानं विचारलं होतं, "पप्पा, आपलं जहाज कुठलं?" पप्पा म्हणाले होते, "आपण आगगाडीनं आलो. तिसऱ्या वर्गानं." या उत्तरानंतर तिचं इतिहासाकडे लक्ष लागलं ते लागलंच. पुढे शिकून ती आमच्या शाळेत आली. लग्न विजेच्या तारा जोडणाऱ्या गिल पेल्कीशी केलं आणि संसार वडिलांच्याच घरात, लोअर फॉल्सला. रोज नऊ मैल येणं, नऊ मैल जाणं. आमच्या गावची दोन पिढ्यांची पोरं त्यांच्या हाताखालून गेली. तरी दुकानात त्यांचा विषय निघाला की आमची माणसं म्हणत, "पेल्की बाई ना? चांगली आहे हो. बाहेरची आहे, पण चांगली आहे."

हा 'पण' बाईंना ऐकू येत नसे असं नाही.

जानेवारीच्या शेवटी एक दिवस शाळा सुटल्यावर लायमन स्टिकनी वर्गात आला. लायमन म्हणजे शाळा मंडळाचा अध्यक्ष. वय चौऱ्याहत्तर, दीडशे गाई, चार हजार मेपलची झाडं, आणि बोलणं समोरासमोर. स्टिकनी टेकडी, स्टिकनी रस्ता, स्टिकनी पूल, सगळं त्याच्याच घराण्याचं. चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत पहिली गाडी स्टिकनींची असते, त्यावर 'पहिल्यापासून इथले' असा फलक असतो आणि त्याला गावात कुणी कधी हरकत घेतलेली नाही.

"रोवेना, दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा मीच सांगतो," टोपी काढून तो पहिल्या बाकावर बसला. बाक त्याला लहान होत होता. "मार्चच्या गावसभेत एक ठराव येतोय. अकरावीचा जुना इतिहास बंद करायचा. यादवी युद्धानंतरचं तेवढं शिकवायचं. सुरुवातीचं सगळं आठवीत होतंच. जहाजं झाली, चहाच्या पेट्या बुडवून झाल्या, वॉशिंग्टन झाला, राज्यघटना झाली. मग परत अकरावीत तेच दळण कशाला? शाळेत मुलं उरली एकशे दहा. शिक्षक पुरत नाहीत."

"आठवीत शिकतात तेच मी शिकवते, असं वाटतं तुम्हाला?"

"सालं तीच आहेत ना?"

"सालं तीच आहेत, लायमन. मुलं ती नसतात."

"हे मला कळलं नाही, आणि गावालाही कळणार नाही."

"मग मी सभेत समजावून सांगेन."

लायमननं टोपी हातात फिरवली. "तुला बोलता यायचं नाही. तू इथली मतदार नाहीस. परवानगी लागते, दोन तृतीयांश हात वर व्हावे लागतात. नाही व्हायचे. मी स्वतः करणार नाही. तुझ्याशी वैर नाही माझं. आमच्या शाळेचं आमचं आम्ही ठरवावं, एवढंच."

"वैर नाही म्हणता आणि दार लावून घेता."

"लावतो तेव्हा तोंडावर सांगून लावतो. पाठीमागून कडी घालत नाही." उठताना त्यानं कोटाच्या खिशातून मेपलच्या पाकाची बरणी काढून टेबलावर ठेवली. "गेल्या वर्षीचा आहे. गडद. तुला तसलाच आवडतो."

असा माणूस. त्याचा राग धड करता येत नाही, हाच त्याचा राग.

बाईंनी त्याच आठवड्यात कामाला सुरुवात केली. जुन्या विद्यार्थ्यांना पत्रं लिहिली, पंचेचाळीस. सभेत जास्तीत जास्त तीन मिनिटं मिळतात म्हणून तीन मिनिटांचं भाषण लिहिलं, फाडलं, परत लिहिलं. हेडमास्तर म्हणाले, "मिसेस पेल्की, तुमची नोकरी जात नाहीये. तुम्हाला दुसरे वर्ग मिळतील." बाई म्हणाल्या, "मला वर्ग नकोत. मला हा वर्ग हवाय." दोन वर्षांनी त्या निवृत्त होणार होत्या. त्यांच्यामागून जो कोणी येईल त्याच्या हातात ती बादली द्यायची, एवढंच त्यांनी ठरवलं होतं, आणि त्या हटणार नव्हत्या.

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी डीलिया स्टिकनी त्यांच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. लायमनची नात. सोळा वर्षांची, कमी बोलणारी, आणि एखादी गोष्ट मनात घेतली की आजोबांइतकीच हट्टी. हजेरीतली विधवा ज्यूडिथ पर्ली म्हणजे हीच. तिच्या हातात निघा-कागदांच्या छायाप्रतींची जाड फाइल होती. बाईंनी ती नोकरीच्या दुसऱ्या वर्षी वहीवरून करून घेतली होती आणि तेव्हापासून प्रत्येक वर्ग तीच वापरत होता.

"मिसेस पेल्की, चाळीसनंतर बेचाळीस आहे."

"काय?"

"पानं. तुम्हीच लिहिलं होतं ना फळ्यावर. मी मोजली. एक्केचाळिसावं पान नाहीये. छायाप्रत काढताना राहिलं की काय?"

'हो' म्हणून सुटता आलं असतं. तो शब्द बाईंच्या ओठांपर्यंत आला होता.

"उद्या सांगते," त्या म्हणाल्या.

एक्केचाळिसावं पान राहिलेलं नव्हतं. ते बाईंच्या कपाटात, नकाशांच्या गुंडाळ्यांखाली, एका पिवळ्या पाकिटात होतं. गेली अठ्ठावीस वर्षं.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका मुलीला नेमका स्वतःच्याच खापरपणजोबांचा निघा-कागद आला होता. पोरगी आनंदानं घरी नाचली. दुसऱ्या दिवशी तिची आजी शाळेत येऊन कडाडली होती, की बाहेरून आलेल्या या बाईनं आमच्या घराण्याला भिकारी ठरवलं. तेव्हाचे हेडमास्तर बाईंना म्हणाले होते, "जरा सांभाळून." तेव्हा बाईंची नोकरी दर वसंतात नव्यानं ठरायची. गिल खांबावरून पडून पाय मोडून घरी होता, मुलगा दीड वर्षाचा होता. आणि शाळा मंडळाचा अध्यक्ष होता लायमनचा बाप, त्याच्यापुढे लायमन मवाळ म्हणायचा. बाईंनी त्या दुपारी फाइल चाळली आणि ज्या पानावर स्टिकनी हे नाव होतं ते काढून ठेवलं. पुढच्या वर्षी परत लावू, असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं. पुढच्या वर्षीही तेच सांगितलं. मग सांगायचंही बंद झालं.

संध्याकाळी जेवताना त्यांनी गिलला सगळं सांगितलं. बटाट्याचा घास गिलच्या काट्यावरच राहिला.

"स्टिकनींना हाकललं होतं? पहिल्यापासून इथल्यांना?" तो एवढ्यानं हसला की कुत्रा उठून उभा राहिला. "अगं, मग अडलंय कुठे? हा हुकमी एक्का आहे. सभेच्या दिवशी दारात वाट त्या कागदाच्या प्रती. म्हातारा टोपी सावरत पळेल."

"नाही."

"का नाही? त्यानं तुझी कीव केली?"

"गिल, ज्या दिवशी लपवायचं होतं त्या दिवशी मी ते माझ्या सोयीनं लपवलं. आता माझ्या सोयीनं बाहेर काढू? म्हणजे अठ्ठावीस वर्षांत मी काय शिकले?" बाईंनी ताट सरकवलं. "पोरीनं विचारलंय म्हणून पोरीला देईन. ती मागतेय, तिचा हक्क आहे. लायमनवर उगारायला मी ते वापरणार नाही."

"आणि वर्ग गेला तर?"

"तर गेला. पण नीट भांडून जाईल."

गिलनं तो बटाटा खाल्ला. बराच वेळ चावत राहिला. मग म्हणाला, "तुझ्याशी लग्न केलं तेव्हाच मला कुणीतरी कागद वाचून दाखवायला हवा होता." पण भांडी त्यानं घासली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाईंनी पिवळं पाकीट डीलियाच्या हातात दिलं. आत काय आहे ते सांगितलं, आणि ते तिथे कसं गेलं तेही सांगितलं. काही वगळलं नाही. पोरगी उभ्याउभ्या वाचत होती. 'एबेनेझर स्टिकनी, बायको हल्डा आणि पाच मुलं, हल्ली मुक्काम एल्डरफिल्ड, यांनी हे गाव सोडून जावं. सन अठराशे तीन.'

"म्हणजे तुम्ही घाबरलात?" डीलियानं विचारलं.

"हो."

"आमच्या पणजोबांना?"

"त्यांना. आणि नोकरीला. आणि 'बाहेरची' या शब्दाला. सगळ्यांनाच."

डीलियानं पान परत पाकिटात सारलं. बाईंना वाटलं, ही आता फाइल टेबलावर आपटून जाईल, आणि तिनं तसं केलं तरी तिचं चुकणार नव्हतं.

"आजोबांना दाखवू?"

"तुझं पान आहे, तू ठरव. सभेसाठी म्हणून मात्र दाखवू नकोस, मी दिलंय ते त्यासाठी नाही. आणि आधी काम पुरं कर. हा एबेनेझर म्हणजे तुमचाच एबेनेझर, हे कशावरून? तो राहिला हे कशावरून? कागद आण."

डीलियानं कागद आणले. तिला अडीच आठवडे लागले. अठराशे नऊचं खरेदीखत मिळालं, टेकडीवरची तीस एकर. चर्चच्या नोंदीत सहाव्या मुलाचा बाप्तिस्मा मिळाला. शेवटचा पुरावा मात्र घरातच होता. स्टिकनींच्या रस उकळायच्या शेडमागे एक बुटका दगड आहे, कुणा जुन्या गड्याचं थडगं म्हणून घरातली पोरं त्याच्यावर बसून बूट घालायची. डीलियानं गुडघ्यावर बसून बर्फ बाजूला केलं, दगडावर कागद धरला आणि वरून मेणाचा खडू घासला. कागदावर एक-एक अक्षर उमटत गेलं. एबेनेझर. मागे आजोबा केव्हा येऊन उभे राहिले तिला कळलं नाही.

सोमवारी तिनं बाईंना सांगितलं ते एवढंच. "पान दिलं. त्यांनी तीनदा वाचलं. मग म्हणाले, आग कमी झालीय, लाकूड टाक."

"आणखी काही?"

"आणखी काही नाही. रस थोडा करपला. आजोबांच्या हातून रस कधी करपत नाही."

मार्चचा पहिला मंगळवार उजाडला. आमच्याकडे त्या दिवशी सगळं गाव शाळेच्या जिममध्ये घडीच्या खुर्च्या मांडून बसतं. बुटांचा चिखल, ओल्या कोटांचा वास, मागच्या टेबलावर बीन्सची भांडी, हॅम आणि सतरा तऱ्हांचे 'पाय', म्हणजे फळं भरून भाजलेले गोड पदार्थ, आणि रस्त्यांच्या खडीवरून सकाळभर भांडण. अकरावा विषय आला तेव्हा बारा वाजायला वीस मिनिटं होती आणि लोकांचं अर्धं लक्ष बीन्सकडे होतं. डीलिया आणि तिचा वर्ग भिंतीशी, मतदार नसलेल्यांच्या बाकांवर बसला होता. बाई त्यांच्यातच होत्या. एकतीस वर्षं त्या याच बाकांवर बसत आल्या होत्या.

सभाध्यक्ष बर्निस कोल्बी ही पोस्टात काम करणारी, आवाज खणखणीत. तिनं ठराव वाचला. बाई उठल्या.

"अध्यक्षबाई, मी मतदार नाही. सभेची बोलायची परवानगी मागते."

"परवानगीच्या बाजूनं हात वर करा," बर्निस म्हणाली. हात मोजले गेले. मग विरोधाचे. विरोधात पहिल्या रांगेत एक मोठा, भेगाळलेला हात होता, लायमनचा. "बाजूनं अठ्ठ्याऐंशी, विरोधात चोपन्न. दोन तृतीयांश होत नाहीत. परवानगी नाही. सॉरी, रोवेना."

बाई खाली बसल्या. तीन मिनिटांचं भाषण त्यांच्या हातात घडी होऊन राहिलं. त्यांना रडू येत नव्हतं, संताप येत होता, आणि तो बराचसा स्वतःवरच होता. सात हात कमी पडले होते. आपण बाहेरच्या, हे आज मोजून सांगितलं गेलं.

"ठराव मांडायला शाळा मंडळाचे अध्यक्ष," बर्निसनं पुकारलं.

लायमन माइकपाशी गेला. चष्मा लावला. खिशातून त्यानं ठरावाचा कागद काढला नाही, दुसराच काढला.

"अध्यक्षबाई, बोलण्याआधी माझा एक कायद्याचा प्रश्न आहे. मला इथं बोलायचा अधिकार आहे का?"

"लायमन, भूक लागलीय सगळ्यांना."

"मी चेष्टा करत नाही. माझ्या घराण्याला या गावानं अठराशे तीन साली निघून जायला सांगितलंय. लेखी. ती नोटीस कुणी मागं घेतल्याचं मला माहीत नाही." मग त्यानं ते पान पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं, हल्डासकट, पाच मुलांसकट. "तेव्हा पेल्की बाईंना बाहेरच्या म्हणून बसवलंत, तर मलाही बसवा. नाहीतर माझ्याही बोलण्याला परवानगी आहे का, ते मतदानाला टाका."

आधी कुणाला हसावं की नाही तेच कळेना. मग मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "चार जुलैची गाडी शेवटी लावा रे त्याची!" आणि जिमचं छत हाललं. लायमनही हसला असावा, पण त्याच्या मिशीमुळे खात्री देता येत नाही.

"तू बोलू शकतोस, लायमन," हशा थांबल्यावर बर्निस म्हणाली.

"मग मघाच्या मतदानाचा फेरविचार व्हावा, अशी माझी सूचना आहे."

"तशी सूचना परवानगी नाकारणाऱ्यांपैकीच कुणी मांडू शकतो. तू कुठल्या बाजूला होतास?"

"सगळ्यांनी बघितलंय. नाकारणाऱ्यांत."

आता, त्यानं ती सूचना मांडता यावी म्हणूनच मघाशी विरोधात हात वर केला, की माइकपर्यंत चालत जाता जाता त्याचं मन पालटलं, यावर गावात अजून दोन मतं आहेत. त्याला विचारलं की तो हवामानाबद्दल बोलतो. दुसऱ्यांदा हात मोजायची गरजच पडली नाही.

बाई माइकपाशी आल्या. हातातली घडी त्यांनी उघडली नाही.

"मी रोवेना पेल्की. लोअर फॉल्सची. लायमननी आत्ता वाचलं ते पान मी अठ्ठावीस वर्षं कपाटात लपवून ठेवलं होतं."

बीन्सकडे बघणारी माणसंसुद्धा वळून बघू लागली.

"माझी नोकरी तेव्हा कच्ची होती. स्टिकनींना दुखवायची छाती मला झाली नाही. तुमच्या पोरांना मी सांगायची, कागद काय म्हणतो ते बघा, आणि स्वतः कागद नकाशाखाली कोंबून ठेवला होता. मला त्याची लाज वाटते. पण तुम्हाला सांगायचंय ते वेगळंच. आठवीतल्या मुलाला आपण जे देतो ते तो घेतो. त्यानं घ्यावंच, तेरा वर्षांचं पोर ते. त्याला राज्यघटना कुणी लिहिली ते सांगायचं आणि त्यानं ते लक्षात ठेवायचं. सोळा वर्षांची मुलगी पानं मोजते. ती टेबलाशी येऊन म्हणते, बाई, यात एक कमी आहे. ती मला पकडते, तिच्या शिक्षिकेला! त्याच सालांत, त्याच गावात, तोच इतिहास, पण आठवीत हे झालं नसतं. झालंच नाही.

"दोन वर्षांनी ही मुलं त्या बाकावरून उठून तुमच्या खुर्च्यांवर येतील. कुणीतरी त्यांच्यापुढे कागद टाकेल आणि म्हणेल, घ्या, एवढंच आहे. तेव्हा या खोलीत पानं मोजणारं कुणीतरी असावं, असं तुम्हाला वाटतं का? वाटत असेल तर अकरावीचा हा वर्ग ठेवा. आणि मी केलं त्याबद्दल मला काढावंसं वाटलं तर मला काढा. वर्ग ठेवा."

तीन मिनिटं झाली नव्हती. त्या परत भिंतीशी जाऊन बसल्या. डीलियानं आपला रुमाल पुढे केला.

तोंडी मतदानात कुणाचा आवाज मोठा ते कळेना, म्हणून उभं करून मोजलं. वर्ग बंद करा म्हणणारे अडुसष्ट. ठेवा म्हणणारे चौऱ्याहत्तर. सहा मतांनी वर्ग राहिला. अडुसष्टांत लायमन होता.

जेवणाच्या रांगेत तो ताट घेऊन बाईंच्या मागे येऊन उभा राहिला.

"माझं मत बदललेलं नाही," तो म्हणाला. "दोन इतिहास एका शाळेला परवडत नाहीत. पुढच्या वर्षी परत आणेन ठराव."

"आणा. मी परत परवानगी मागेन."

"माग. माझा हात वर असेल त्याला." त्यानं त्यांच्या ताटात हॅमचा तुकडा वाढला. मग आवाज उतरवून म्हणाला, "बापाची भीती वाटायची होय तुला? मलाही वाटायची. ते पान मला सापडलं असतं ना, मीही लपवलं असतं." आणि गोड 'पाय' संपत आले म्हणून तो घाईनं पुढे गेला.

बुधवारी सकाळी पावणेनऊला हजेरी सुरू झाली. ज्यूडिथ पर्ली इथेच होती. गुडेल न्यूयॉर्कलाच होते. जोएल हॅझनचं अजूनही माहीत नव्हतं आणि त्याबद्दल बाईंनी काही ऐकवलं नाही, यावरूनच वर्गानं ओळखलं की आज काहीतरी वेगळं आहे. यादीच्या शेवटी त्यांनी निळ्या शाईनं एक नाव वाढवलं होतं.

"एबेनेझर स्टिकनी, बायको हल्डा आणि पाच मुलं!"

"इथेच आहेत," डीलिया म्हणाली. "खरेदीखत, बाप्तिस्मा, थडगं." आणि खाली न बसता ती पुढे आली, बाईंच्या हातून यादी काढून घेतली आणि बाईंचाच कडक आवाज काढून तिनं पुकारलं, "रोवेना पेल्की, मुक्काम लोअर फॉल्स!"

एकतीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी असा विचारला नव्हता.

"इथेच आहे," त्या म्हणाल्या.

"कागद?" मागच्या बाकावरून जोएल हॅझन खेकसला. वर्षभर ऐकून घेतलेलं सगळं त्यानं त्या एका शब्दात वसूल केलं.

"गावच्या सभेची वही. कालची तारीख. परवानगी दिल्याची नोंद आहे, नावासकट, आणि मी काय कबूल केलं तेही आहे." बाईंनी डोळे पुसले आणि दाराकडे बोट केलं. "कचेरी आत्ता उघडी आहे. जा, वाचून या. आणि वही हातात आली की आधी पानं मोजा."